लाडवाला वेलांटी

दोनशिक्षकी शाळेत लोकवर्गणीतून आठ टॅब आले तेव्हा गावाने नारळ फोडला. नारळाचं पाणी एका टॅबवर उडालं, म्हणून कामाला सात राहिले.

त्या रविवारी गुरुजींनी शब्दकोडी बनवणारं एक फुकट अ‍ॅप उतरवून घेतलं. शब्द भरा, सूचना लिहा, बटण दाबा, कोडं तयार! गुरुजींनी शुभारंभाला 'विद्यार्थी' भरला. सूचना लिहिली, 'शाळेत शिकतो तो'. अ‍ॅपने दहा घरं आखली. दहा का, हे विचारायला रविवारी वर्गात कुणी नव्हतं.

सोमवारी होतं. तिसरी-चौथीची पोरं टॅबवर ओणवी झाली आणि कुणीतरी 'उत्तर दाखवा'वर बोट ठेवलं. पहिल्या घरात 'व'. दुसऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा एक गोल आणि त्याला चिकटलेली वेलांटी.

"गुरुजी, लाडवाला वेलांटी कशापायी दिली?"

पुढे तर एका लाडवाला काना होता, दोघांचे पाय मोडले होते. पाच अक्षरं, पाच लाडू. तासाचं मधल्या सुट्टीत रूपांतर व्हायला एवढं पुष्कळ झालं.

अ‍ॅपचं फारसं चुकलेलं नव्हतं. युनिकोडच्या हिशेबात 'व' वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडण्याची खूणही वेगळी. असे दहा मणी ओळीने ओवले, की पडद्यावर 'विद्यार्थी' उमटतो. अ‍ॅपने दोरा तोडून एकेका घरात एकेक मणी टाकला. टेकायला अक्षर नसलेल्या मात्रेला मग ठिपक्यांच्या गोलाचा आधार मिळतो. तोच हा लाडू.

मुळात हा खेळ इंग्रजीत जन्मला. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये चौकटीचं पहिलं कोडं छापलं, तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं. त्यांच्याकडे अक्षरं सव्वीस, प्रत्येकाला स्वतंत्र खोली. आपल्याकडे एकत्र कुटुंब! मराठी वर्तमानपत्रांतली कोडी जोडाक्षराला काना-मात्रेसकट एकाच घरात बसवतात. त्यात कोडं रचणाऱ्याचा घाम निघतो, कारण आडव्या शब्दातला 'का' उभ्या शब्दातही 'का'च लागतो; 'कि' देऊन भागत नाही.

गुरुजींनी दुसरं अ‍ॅप घेतलं. हे जरा शिकलेलं निघालं. त्याने पाच घरं दिली: वि, द्, या, र्, थी. लाडू गेले, मोडलेले पाय राहिले. असं जोडाक्षर मधोमध तोडू नये, हा नियम युनिकोडच्या प्रमाणात आला तो २०२३ मध्ये. बालवाडीतल्या बाईंना तो आधीपासून ठाऊक होता, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शब्दांचा नाद सोडून गुरुजी चित्रकोड्याकडे वळले. महाराष्ट्राचा नकाशा दिला, छत्तीस जिल्हे. अ‍ॅपने त्याचे चोवीस तुकडे पाडले. पुणे जिल्हा चौघांत वाटला गेला आणि तीन तुकड्यांवर निव्वळ अरबी समुद्र आला. पोरांनी रंगाला रंग जुळवून पाच मिनिटांत राज्य उभं केलं. एकाही जिल्ह्याचं नाव वाचावं लागलं नाही. वास्तविक हा खेळ भूगोल शिकवण्यासाठीच निघालेला. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांनी लाकडावर नकाशे चिकटवून ते कापले, पण देशांच्या सीमांवरून. कुठे कापायचं, हे त्यांच्या करवतीला कळत होतं.

शेवटी चौथीतली एक मुलगी उठली, खडू घेतला आणि टाळ्या वाजवत फळ्यावर घरं आखू लागली. इं-द्र-ध-नु-ष्य. पाच टाळ्या, पाच घरं. तासाभरात फळा भरला. पण टॅब वापरल्याचे फोटो वर पाठवायचे होते. म्हणून गुरुजींनी फळ्याचाच फोटो काढला, सातही टॅबवर टाकला, टॅब हातात घेतलेल्या पोरांचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकून दिले. खाली लिहिलं, 'डिजिटल शब्दकोडे'.

आठवड्याने केंद्रप्रमुख आले. त्यांनी कौतुकाने टॅब उचलला. सूचना वाचली: आकाशातली सात रंगांची कमान. पहिल्या घरात बोटाने 'इं' लिहायला गेले, तर सगळा फळाच डावीकडे सरकला. पुन्हा ओढला, उजवीकडे गेला.

"साहेब, तिकडं लिवा की," पोरांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी खडू घेतला. इं, द्र, ध, नु, ष. बरोबर पाच. हात झटकून ते वळले, तर चौथीतली ती मुलगी अजून फळ्याकडेच बघत होती.

"साहेब, शेवटच्या घरातून उभा शब्द जातो," ती म्हणाली. "'गुरूकडं शिकतो तो', दोन घरं. तुमच्यामुळं त्याचा 'शिष' झालाय."