बुंधा कुजवून पानांवर आळ घेणाऱ्यास खुले पत्र

गॅनोडर्मा बोनिनेन्स या बुरशीस,
मुक्काम : तेलताडाचा बुंधा, मलेशिया आणि इंडोनेशिया

सप्रेम नमस्कार लिहिणार नाही, कारण प्रेम वाटावे असे तू काही केलेले नाहीस. पण तुझी हुशारी वाखाणण्याजोगी आहे. चोरी बुंध्यात करतोस आणि संशय पानांवर ढकलतोस.

१८४८ मध्ये जावातल्या बोगोरच्या बागेत पश्चिम आफ्रिकेतल्या तेलताडाची चार रोपे लागली. १९१७ मध्ये सेलांगोरमध्ये मलेशियातली पहिली व्यापारी लागवड झाली. आरंभी तू पंचवीस वर्षांपुढच्या म्हाताऱ्या झाडांवरच हात टाकायचास. ती मर्यादा तू केव्हाच सोडलीस. जुन्या माडाच्या किंवा ताडाच्या बागेत नवी लागवड झाली, की जमिनीत राहिलेल्या बुंध्यामुळांतून तू कोवळ्या झाडांपर्यंत पोहोचतोस. दहा-बारा वर्षांचे, ऐन उत्पन्नाचे झाडही तुझ्या तावडीतून सुटत नाही.

तुझी पद्धत आता सर्वांना कळू दे. मुळातून शिरतोस आणि बुंध्यातले लिग्निन, सेल्युलोज पचवतोस. पाणी आणि त्यात विरघळलेली अन्नद्रव्ये वर नेणाऱ्या वाहिन्या तिथेच असतात. त्या तुटल्या की जमिनीत खत भरपूर असूनही शेंड्याला पोहोचत नाही. झाड मग जुन्या पानांतले नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम काढून नव्या पानांकडे वळवते, म्हणून खालच्या झावळ्या आधी पिवळ्या पडतात आणि खोडाभोवती लोंबतात. कॅल्शियम आणि बोरॉन असे मागे फिरवता येत नाहीत, ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतात. तू तो प्रवाहच अडवतोस.

बागेतला माणूस हे पाहतो आणि नेहमीची तपासणी करतो. पूर्ण उघडलेल्या सर्वांत कोवळ्या झावळीपासून मोजत सतरावी झावळी काढतो, तिच्या मधल्या भागातल्या पर्णिका घेतो, शिरा काढून टाकतो, सुकवून प्रयोगशाळेत पाठवतो. मोठ्या झाडात नत्र साधारण अडीच टक्के आणि पालाश एक टक्क्याच्या आसपास अपेक्षित असते. आकडा कमी आला, की पोटॅशची पोती झाडाच्या आळ्यात पडतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पैसे जातात, आणि तू आत निवांत जेवत राहतोस. त्यातही सगळ्या आजारी झाडांचे आकडे एकसारखे नसतात. माती, वय आणि रोगाची पायरी बदलली, की एक अन्नद्रव्य घसरते, दुसरे जवळपास जागेवर राहते. म्हणून नुसत्या पान परीक्षणावर तुझा गुन्हा शाबीत होत नाही, आणि हेच तुझ्या पथ्यावर पडते.

पण पुरावा तू मागे ठेवतोसच. शेंड्यात न उघडलेले दोन-तीनपेक्षा जास्त कोंब एकत्र उभे राहतात. बुंध्यापाशी वरून तांबूस-तपकिरी, चकचकीत आणि खालून पांढरी अशी अळंबी फुटते. दुर्दैव एवढेच, की ही लक्षणे दिसेपर्यंत बुंध्याचा अर्धा भाग अनेकदा कुजलेला असतो. तुझ्यावर रामबाण औषध नाही. खोडात बुरशीनाशक टोचणे, बुंध्याशी मातीची भर घालणे, ट्रायकोडर्मा वापरणे यांनी झाडाचे आयुष्य थोडे वाढते, पण तू जात नाहीस.

ही किंमत कोण मोजतो? इंडोनेशियातल्या तेलताडाच्या मोठ्या क्षेत्रावर छोटे शेतकरी राबतात. त्यांच्या खर्चात खत हाच जड भार असतो, आणि ज्या झाडाला तू आतून संपवले आहेस त्याच्यावर ते तो खर्च करत राहतात. याचा राग येतो म्हणूनच हे पत्र.

भारतात येणारे पामतेलही मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतूनच येते. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान जाहीर केले. तुझे भाऊबंद इथल्या माडांच्या मुळांशी आधीच बसलेले आहेत, तेव्हा परक्याचे दुखणे म्हणून आपल्याला दुर्लक्ष करता येणार नाही.

म्हणून शेतकऱ्यांना आणि सल्लागारांना विनंती : पान पिवळे दिसले तर खताचे पोते उघडण्याआधी खाली वाकून बुंधा पाहा. पान परीक्षणाचा अहवाल बुंध्याच्या तपासणीसोबतच वाचा. जुनी बाग काढताना बुंधे आणि मुळे उपटून काढा, मगच नवे रोप लावा. तेवढी मेहनत आधी केली, तर पुढच्या पिढीच्या झाडांत या गुन्हेगाराला थारा मिळणे अवघड होईल.