नुसत्या वाळूवर?

वाळूवर काही टिकतं यावर आपल्या माणसांचा विश्वास नाही. परसदारी शहाबादी फरशी घालायची आणि तीही नुसत्या वाळूवर, असं माझ्या तोंडून निघताच समोरचे निवृत्त अभियंते फाटकाशीच थबकले. ‘‘नुसत्या वाळूवर? अहो, चांगलं सिमेंट टाका. एकदाचं कायमचं होऊन जाईल.’’ कायमच्या कामाचं आपल्याला भारी वेड. आमच्या गल्लीतला रस्ता दर वर्षी केबलसाठी कुणी ना कुणी खणतंच. अशा गल्लीत राहून हे वेड जपायचं म्हणजे श्रद्धाच दांडगी हवी.

मिस्त्री मात्र माझ्या बाजूचे निघाले. ‘‘खालची लाइन गळली की सिमेंटातली फरशी फोडावी लागती. वाळूतली नुसती उचलायची. फोडायचं का उचलायचं, तेवढं सांगा.’’ यावर अभियंत्यांनी विषय बदलून वाळूचा भाव विचारला.

शहाबादी दगड तसा इकडचा नव्हेच. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचा; त्यातून पातळ फरशी काढायला पाथरवटाचा जीव मेटाकुटीला येतो. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच्या, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडक थराथरांनी साचलेला, म्हणून थरांनीच सुटतो. आपल्याकडे तो रेल्वेच्या फलाटापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे नांदतो. त्याची वरची बाजू बरी असते. खालची बाजू निसर्गाने घाईघाईत उरकलेली. एक कोपरा इंचाचा, तर दुसरा दीड इंचाचा. हा हिशेब वाळूनं पोटात घालायचा असतो.

आधी चारेक इंच मुरूम, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. ढाळ इथंच द्यायचा, घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना दोन इंच. मुरमात राहिलेला खड्डा वाळूने बुजवू म्हणणाऱ्याच्या अंगणात पहिल्याच पावसाळ्यात तळं होतं. वाळू जिथे जाड, तिथे ती जास्त दबते. मग कडेने उभ्या विटांची ओळ, कारण मोकळी सुटली तर वाळू वाट फुटेल तिकडे जाते, आणि चारी बाजूंनी अडवली तर वर ट्रक उभा राहिला तरी हूं की चूं करत नाही. मग चाळलेली वाळू, इंच-दीड इंच. दोन लोखंडी पाइप ढाळात आडवे ठेवायचे आणि त्यांच्यावरून सरळ फळी ओढत यायची. मागे जी सपाटी उरते तिच्यावर पाय ठेवायचा नाही.

हा नियम मांजराला कोण सांगणार? ताजी, ओलसर, सारखी केलेली वाळू ही मांजरजातीच्या मते खास त्यांच्याच सोयीसाठी केलेली असते. आमच्या गल्लीतलं करडं मांजर मिस्त्री चहाला उठायची वाट बघायचं, मधोमध जाऊन बसायचं, कार्यभाग उरकून नीट झाकायचं आणि अभियंत्यांकडे बघत निघून जायचं. मिस्त्री चिडले नाहीत. फळी पुन्हा ओढली.

खरी गंमत फरशी टेकवताना. तिपाई कधी डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. फरशीला चार कोपरे, त्यामुळे तिचा स्वभाव चौरंगाचा. मिस्त्री ती ठेवायचे, लाकडी ठोकळ्यावरून दोन हातोड्या द्यायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला की फरशी उचलायची आणि खाली वाळूत उमटलेला तिचा ठसा बघायचा. जिथे दगड टेकला तिथे वाळू दबून चकचकीत, टेकलाच नाही तिथे तशीच रवाळ. त्या रवाळ जागी चिमूटभर वाळू, पुन्हा ठोका, पुन्हा कान. शेवटी सगळ्या सांध्यांवर बारीक कोरडी वाळू टाकून खराटा मारला. फरशीला फरशीचा आधार मिळतो तो या सांध्यांतल्या वाळूमुळे.

वाळूवरच्या दगडांत एक वैगुण्य आहे खरं: ते कुणालाही उचलता येतात. मे 1968मध्ये पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्याचे दगड उपटून पोलिसांवर फेकले. खाली वाळू निघाली, तेव्हा फरसबंदीच्या खाली समुद्रकिनारा आहे अशी घोषणाच तयार झाली. पुढे तिथल्या बऱ्याच रस्त्यांवर डांबर ओतण्यात आलं. म्हणजे कायमचं करण्याचा आग्रह फक्त आमच्या गल्लीत नाही. उलट 1896पासूनच्या पॅरिस-रूबे सायकल शर्यतीत उरलेसुरले दगडी रस्ते मुद्दाम जपतात, स्वयंसेवक निखळलेले दगड पुन्हा बसवतात, आणि हाडं खिळखिळी करून पहिला येणाऱ्याला बक्षीस काय? त्यातलाच एक दगड.

आमच्याकडे आता सांध्यांत मुंग्यांनी वाळूच्या ढिगल्या काढल्या आहेत. कुंडीत कौतुकाने लावल्या तेव्हा रुसलेल्या दुर्वा तिथे न विचारता उगवल्या. गणपतीत त्या न्यायला अभियंत्यांच्या सौ. येतात. फाटकाजवळची एक फरशी पावसानंतर जरा बसली. कुणी आलं की टक् करते. मिस्त्री बसवून द्यायला तयार होते. आईने हात लावू दिला नाही. घंटेचे सेल सारखे संपतात, म्हणाली.