तपासणीपुरते हजर

महाराष्ट्राच्या आरोग्याची काळजी मिटली. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी जालना, हिंगोलीपासून गडचिरोलीपर्यंत दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एका दमात उद्घाटन केलं. आठवड्याभरात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, हा योगायोग. शंकेखोरांना सगळीकडेच काळंबेरं दिसतं.

देशभरातही आबादीआबाद आहे. 2014 मध्ये एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या, दहा वर्षांत त्या दुपटीच्या पुढे गेल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत वैद्यकीयच्या आणखी 75 हजार जागांचं आश्वासन आलं. शिकवणार कोण, असलं नतद्रष्ट काही विचारू नये.

शिक्षक आहेत, फक्त फिरते आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पथक येणार म्हटलं की प्रतिनियुक्तीचे आदेश सुटतात. सर पहाटेच्या एसटीने उतरतात. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाचा रंग अजून ओला असतो. शिपाई त्यांनाच विचारतो, ‘कोण पाहिजे?’ खासगीत व्यवस्था आणखी चोख. तिथे वॉर्डही भरलेला मिळतो.

‘काय होतंय, काका?’

‘तीनशे रुपये रोज आणि दोन वेळचं जेवण.’

पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली की अख्खा वॉर्ड खडखडीत बरा. इतका गुण कुठल्याच औषधाला येत नाही.

यावर उपाय म्हणून 1 मे 2025 पासून प्राध्यापकांची हजेरी आधारवर चेहरा दाखवून लागते. चेहरा आता दिल्लीला दिसतो. विद्यार्थ्यांनाही दिसेल, धीर धरा. पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा 2023 मध्ये नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. उद्याचे प्राध्यापक यांतूनच यायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे म्हणायला पोहऱ्याची तपासणी कोण करतंय?

सरकारी हिशेबात 811 माणसांमागे एक डॉक्टर आहे. त्यात आयुषवालेही धरलेत. भामरागडच्या बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा, ओझं हलकं वाटेल. सरकारी महाविद्यालयातला नवा डॉक्टर तिकडे वर्षभर जाईल असा बंधपत्राचा नियम आहे; नसेल जायचं तर जुन्या तुकड्यांना दहा लाख भरून सुटका होती. 

पालकहो, प्रवेश घेताना इमारतीचे फोटो काढत बसू नका. तपासणी नसलेल्या एखाद्या मंगळवारी जा आणि शरीररचनाशास्त्राचे सर कुठे बसतात, ते विचारा.