चुण्यांचा हिशेब

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की माणसांच्या दोन जाती पडतात. पहिली जात पडदेवाल्याला फोन करते. तो येतो, कापडाच्या तुकड्यांचं जाडजूड पुस्तक उघडतो, मापं घेतो, ॲडव्हान्स घेतो आणि आठवड्याभरात पडदे लटकवून जातो. या लोकांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी जातही त्याच पडदेवाल्याला बोलावते, त्याला चहा पाजते, पुस्तकाचं पान न् पान चिमटीत धरून बघते, शिलाईचा दर विचारते आणि तो जिना उतरायच्या आत म्हणते, "एका पडद्याला एवढी शिलाई? त्यात आहे काय? चारी बाजूंनी सरळ टीप!"

ही आमची काकू. धायरीपासून वाकडपर्यंत कुठल्याही नव्या सोसायटीत अशी एक काकू सापडतेच. राहायला येऊन बरेच दिवस झाले तरी ज्या घराच्या हॉलच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत आणि बेडरूमच्या खिडकीवर सोलापुरी चादर आहे, ते घर तिचं समजावं. विचारलंत तर "पडदे ना? शिवायला घेतलेत" असं उत्तर मिळतं. शिवायला घेतलेल्या पडद्यांना मुदत नसते.

काकूंचं मशीन म्हणजे माहेरून आलेलं काळं, सोनेरी नक्षीचं 'उषा', पायाचं. मधली कित्येक वर्षं त्याच्यावर आधी टीव्ही होता, मग लोणच्याच्या बरण्या. काकूंचं शिक्षण म्हणजे लग्नाआधीचा शिवणक्लास. खाकी कागदाची कात्रणं चिकटवलेली ती वही त्यांनी जपून ठेवली आहे. झबलं, टोपरं, चार कळ्यांचा परकर, सहा कळ्यांचा परकर. पोलक्याच्या बाहीपाशी वही कोरी होते, कारण तिथे लग्न ठरलं. पण पडद्याला बाही नसतेच, त्यामुळे या विषयात आपलं शिक्षण पूर्ण झालेलं आहे, असं काकूंचं म्हणणं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. सगळी हयात ऑडिटमध्ये गेलेली. ते स्टुलावर, काकू खाली, मधे टेप. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांच्या मापात अर्ध्या इंचाचा फरक निघाला, तेव्हा काकांनी बिल्डरला पत्र लिहायची तयारी केली. काकूंनी त्यांना थोपवलं, कारण खरं भांडण पुढेच होतं.

"खिडकी पाच फुटांची, मग कापड दहा फूट कशाला?" काकांनी विचारलं.

"अहो, चुण्या नकोत का पडायला?"

"म्हणजे चुण्यांसाठी पाच फूट?"

इथे मी काकूंच्या बाजूचा. चुण्या नीट पडायच्या तर कापड रुंदीला खिडकीच्या दुप्पट तरी लागतं. कमी घेतलं तर ओढलेला पडदा वाळत घातलेल्या धोतरासारखा सपाट दिसतो. दहा फूट म्हणजे १२० इंच. कापडाचा पन्ना ४८ इंची, म्हणजे अडीच पन्ने. अर्धा पन्ना कुणी विकत नाही, तेव्हा तीन. उंची पाच फूट, शिवाय खालची दुमड आणि वरची पट्टी धरून ७० इंच. तीन वेळा ७० म्हणजे २१०, जवळजवळ साडेपाच मीटर. आणि ही एक खिडकी. काकांनी हा हिशेब लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडला, दोनदा तपासला, खाली दोन रेघा मारल्या आणि कुणी तरी वारल्यासारखे गप्प बसले.

खरेदी रविवार पेठेत. कापड कापडगंजात, दांडे आणि ब्रॅकेट बोहरी आळीत, आणि एवढं आलोच आहोत तर तुळशीबाग. दुकानदार म्हणाला, "ताई, हे अजिबात आटत नाही." सुती कापड न आटण्याची गोष्ट काकू ऐकून घेतात, मानत नाहीत. सगळा तागा घरी आणून बादल्यांत भिजवला. दोन दिवस अंघोळीच्या जागेत हत्ती तरंगत होते. हो, कापडावर हत्ती होते. राजस्थानी छपाई, अंबारीसकट. मग ते गच्चीवर वाळले आणि मग सगळ्या हत्तींना इस्त्री झाली. शहाण्या माणसाला इथेच पडदेवाल्याचा नंबर आठवला असता.

कापड फरशीवर अंथरून, अंघोळीच्या साबणाच्या झिजलेल्या चिपटीनं खुणा करून काकूंनी कापायला घेतलं. घाई एवढीच झाली की हत्तींना डोकं एका बाजूला असतं, हे तिसऱ्या पन्न्याला लक्षात राहिलं नाही. पडदा टांगल्यावर त्यातले हत्ती पाय वर करून निघाले. तो पाहुण्यांच्या खोलीत गेला. उशी पायथ्याशी घेऊन निजलं की ते सरळ दिसतात, असं काकू पाहुण्यांना सांगतात.

मग मशीन. पट्टा सैल झाला होता, तो कापून तारेनं पुन्हा जोडला. तेल घातलं. पहिली टीप वरून सुरेख आली आणि खाली दोऱ्याचं जाळं. काकूंनी बॉबिन काढलं, शटल काढलं, ब्रशनं पुसलं, परत बसवलं. पुन्हा जाळं. शेवटी कळलं की वरचा दोरा ताणाच्या चकत्यांतून गेलाच नव्हता. गुंता खालच्या बाजूला दिसतो, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. काकांना हे लगेच पटलं. बँकेत शाखेचे घोटाळे निघायचे ते सगळे हेड ऑफिसच्या परिपत्रकामुळे, म्हणाले.

सरळ टीप ही दोन फुटांपर्यंत सरळ असते. त्यापुढे कापडाचं वजन स्वतःच्या मर्जीनं एका बाजूला ओढ घेतं. म्हणून दुसरं टोक धरायला माणूस लागतो. निवृत्त नवऱ्याचा खरा उपयोग तिथे होतो. "ओढू नका हो, नुसतं धरा." "धरलंय." "मग टीप वाकडी का जातेय?" हा संवाद खालच्या मजल्यावरच्यांनाही पाठ झाला होता.

रिंगांचं शास्त्र मात्र काकूंनी पुरतं आत्मसात केलं. दांड्यात ओवायच्या स्टीलच्या रिंगा सम संख्येत हव्यात. मग दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक कड भिंतीकडे आणि दुसरी पाहुण्यांकडे. एका पडद्यावर हे शिकल्यापासून काकू कुठेही गेल्या तरी आधी रिंगा मोजतात. मंगल कार्यालयात मोजतात, दंतवैद्याकडे मोजतात. मागे कुणाकडे भेटायला गेल्या होत्या, घरात दुःखद प्रसंग. डोळ्यांना पदर लावलेला आणि दुसरा हात हळूच पडद्याची खालची दुमड उलटून बघतोय, हे मी स्वतः पाहिलं आहे. "इंचभर सुद्धा दुमड नाही हो," जिन्यात त्या कुजबुजल्या. "लोक कसे राहतात!"

पैसे किती वाचले, हे काकांना विचारू नये. नवी कात्री, मशीनला बसवून घेतलेली मोटर, रिक्षा, वाया गेलेलं कापड, सगळं त्या पत्रिकेवर आहे. माझ्या मते प्रश्न पैशाचा नव्हताच. फरशी बिल्डरनं ठरवली, नळ बिल्डरनं, भिंतीचा तो रयागेला पिवळा रंगही बिल्डरनं. अख्ख्या घरात काकूंच्या कात्रीला वाव उरला होता तो एवढाच.

वास्तुशांतीच्या दिवशी पडदे लागलेले होते. हॉलच्या पडद्यांची खालची दुमड टाचण्यांवर होती, म्हणून गुरुजींना लांब बसवलं. पुढे उरलेल्या कापडातून फ्रिजला, मिक्सरला, मायक्रोवेव्हला झुली शिवून झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना वाण म्हणून पिशव्या आल्या. सोसायटीत आज कुणीही भाजी घेऊन येताना दिसलं की हत्तीच येतो.

परवा लेकीला हिंजवडीत फ्लॅटचा ताबा मिळाला. काकू टेप पर्समध्ये घालूनच गेल्या. लेकीनं आधीच रोलर ब्लाइंड बसवून घेतले होते. काकूंनी साखळी ओढून ते वर नेले, खाली आणले, मागची बाजू पाहिली. ना दुमड, ना रिंगा, ना टीप.

"ह्याला कापड किती लागलं गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खिडकी आहे तेवढंच आई. पाच फूट."

सोफ्यावर बसलेले काका ताडकन उठले. "मी तेव्हापासून दुसरं काय सांगत होतो?"