बिनकामाचा बाप

अ‍ॅडमिशनच्या कामात मी तयार माणूस आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात ज्यांनी इंजिनिअरिंगचे फॉर्म भरले, त्यांना रांग कुठून सुरू होते, अटेस्टेड झेरॉक्स किती जादा ठेवायच्या आणि खिडकीमागचे साहेब जेवून कधी परततात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मुलगी इथे रेडिंगला सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे अकरावी-बारावीत, गेली, तसं मी हे सगळं ज्ञान घासूनपुसून ठेवलं. अजून कुणी विचारलेलं नाही.

ब्रिटनमध्ये पदवीला जायचं तर जवळपास सगळ्यांना एकाच दारातून जावं लागतं. त्याचं नाव यूकास, कचेरी चेल्टनमला. अर्ज एक, पसंत्या जास्तीत जास्त पाच. डॉक्टर व्हायचं असेल तर त्या पाचांत वैद्यकीच्या चारच. आणि एका वर्षी ऑक्सफर्ड नाहीतर केंब्रिज, दोन्ही नाही. ही शेवटची अट मी आईला साताऱ्याला फोनवर सांगितली. "दोन्हीकडे भरून ठेव रे," ती म्हणाली, "त्यांना काय कळतंय?" दोन्हीकडचे अर्ज एकाच ठिकाणी जातात हे ऐकल्यावर तिला एकूण व्यवस्थेतच काहीतरी काळंबेरं दिसू लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेनं पालकांना एका संध्याकाळी बोलावलं. मी वही घेऊन पहिल्या रांगेत. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख बाईंनी तारखा सांगितल्या: ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डॉक्टरकीसाठी 15 ऑक्टोबर, बाकीच्यांना जानेवारी. पण शाळेची स्वतःची तारीख त्याच्याही बरीच आधी, कारण शाळा इंग्लंडात असली तरी मुलं ती मुलंच. शेवटी 'पालकांनी काय करावं' असा मथळा पडद्यावर आला. धीर द्यावा, वेळेवर जेवायला घालावं, अर्ज मुलांना भरू द्यावा. मी वहीत 'जेवण' एवढं लिहून घेतलं.

मग कळलं ते भाकिताचं प्रकरण. इथे विद्यापीठं ऑफर देतात तेव्हा मुलांची शेवटची परीक्षा झालेलीच नसते. ती झाल्यावर काय ग्रेड मिळतील, हे शिक्षक आधीच लिहून देतात आणि त्यावर सगळा खेळ चालतो. आमच्याकडे हे काम कुडमुडे जोशी करत, आणि निदान दक्षिणा वाढवली की मार्कही वाढत. इथे फिजिक्सचे सर चाचण्यांचे पेपर समोर ठेवतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी 'बी'चा 'ए' करण्याबद्दल जरा गोड शब्दांत सुचवून पाहिलं. सर तितक्याच गोड शब्दांत म्हणाले, "मी 'ए' लिहीन, ऑफरही 'ए'ची येईल, ऑगस्टमध्ये 'बी' मिळाला की तुमच्या मुलाला काय सांगू?" गृहस्थ घरी आले आणि मुलाला ट्यूशन लावली. मला सरांचं पटलं. अर्थात माझ्या मुलीला 'ए' होता.

खरी कसोटी आत्मनिवेदनाची. आधी तो एक सलग निबंध असे. 2026च्या प्रवेशापासून तीन प्रश्न झाले: हाच विषय का, शिक्षणानं काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलंत. सगळं मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. आमच्या घरात स्वतःची स्तुती करायची नाही असा दंडक; ते काम आत्या-मावशांचं. शाळेनं मधल्या सुट्टीत वर्ग घेऊन हा दंडक मोडून काढला. ट्यूटर बाई मुलांना खोदून खोदून विचारायच्या. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलगी दोन दिवस पिवळं जाकीट घालून पार्किंगमध्ये उभी होती. एका काकांना तिनं गाडी बाहेर काढायला लावली म्हणून तिच्या आईनं तिला रागावलंही होतं. बाईंच्या हाताखालून निघाल्यावर त्याचं 'नेतृत्व, गर्दीचं नियोजन आणि अवघड संभाषणं हाताळण्याचा अनुभव' झालं. काका अजून बोलत नाहीत.

मी मदत करायला गेलो तर मुलीनं लांबूनच सांगितलं, "बाबा, ते नक्कल पकडतात." पकडतातच. 2007 साली यूकासनं 50,000 निवेदनं तपासली, तेव्हा 234 मुलांच्या पायजम्याला आठव्या वाढदिवशी रसायनांचे प्रयोग करताना भोक पडलं होतं. विज्ञानाची इतकी ओढ, आणि एकाच्याही आईनं कपडे बदलायला लावले नव्हते!

शिफारसपत्र शाळा लिहिते. त्यातही शाळेबद्दल, विद्यार्थ्याच्या अडचणींबद्दल आणि विद्यार्थ्याबद्दल असे तीन भाग. ते वाचायची मला फार इच्छा होती. बाई हसून म्हणाल्या, "चांगलंच लिहिलंय." एवढ्यावर मी बरेच दिवस काढले. आईनं साताऱ्याहून अर्जासाठी चांगला दिवस काढून दिला होता. पण मुलगी बटण दाबते तेव्हा अर्ज चेल्टनमला जातच नाही, शाळेत जातो. तिथे शिफारस जोडून, चुका तपासून, शाळा तो सवडीनं पुढे पाठवते. आमचा अर्ज भर अमावास्येला गेला. आईला आम्ही पौर्णिमा सांगितली आहे.

ऑफर आल्या. एक पक्की आणि एक हाताशी, अशा दोन ठेवून बाकीच्या सोडल्या. आता ऑगस्ट. निकालाच्या गुरुवारी शिक्षक आपल्या सुट्टीत शाळेत येऊन बसणार; ग्रेड हुकलेल्यांना क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या बाजारात, फोन लावायला मदत करणार. फोनवर बोलायचं मात्र मुलांनीच. विद्यापीठं पालकांशी बोलायला फारशी उत्सुक नसतात. माझी तयारी तरी काय, खिडकीतून बोलण्याचीच!

एक फट मात्र आहे. आपल्या वतीनं यूकासशी बोलायला एक माणूस नेमता येतो, अर्जातच तसा रकाना असतो. हे कळल्यावर मी मुलीला, सहज म्हणून, तिथे कुणाचं नाव टाकलंय ते विचारलं. बाईंनी सांगितलं होतं म्हणे, फोनवर शांत राहील अशा माणसाचं द्या.

तिनं आईचं दिलंय.