विभागप्रमुख साहेब, आपले आभार मानायचे राहून गेले

सन्माननीय संगणक विभागप्रमुख साहेब यांस,


गेल्या महिन्यात १ तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता आपण पतसंस्थेच्या साठही संगणकांवर विंडोज ११ एकदम सोडलंत. काउंटरपुढे पेन्शनवाल्यांची रांग होती. कुणाला आधी कळवण्याची तसदी आपण घेतली नाहीत, याबद्दल प्रथम आभार.

अपग्रेड हवंच होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. शाखाशाखांत पेन ड्राइव्ह घेऊन हिंडण्यापेक्षा सर्व्हरवरून आपोआप करावं, हेही मला मनापासून पटतं. म्हणून तर जीव तुटतो.

सर्व्हरची लाइन १०० एमबीपीएसची, फाइल साधारण ५ जीबीची. एका मशीनला पूर्ण वेग मिळाला तरी पावणेसात मिनिटं; साठ मशिनांनी एकदम ओढली की पावणेसात तास. एवढा हिशेब आमचा पिग्मी एजंट तोंडी करतो. आपण मोठी माणसं, आपल्याला तो कुठून करायला लावायचा!

आपल्या कृपेने पासबुक प्रिंटरही सुटला. नव्या विंडोजला त्याचा जुना ड्रायव्हर चालेना. पासबुक आत जायचं, कर्रकर्र आवाज यायचा आणि पान कोरंच बाहेर पडायचं. एका आजींनी ते पान उजेडात धरून दोनदा पाहिलं नि मला विचारलं, "बाळा, पैसे गेले का रे माझे?" मी निळ्या पेनाने शिल्लक लिहून, सही-शिक्का मारून दिला. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस आम्ही पासबुकं हातानेच भरली. जुन्या विंडोजवर परत जायला दहा दिवसांची मुदत असते; ती आपल्या बैठकांत गेली.

चूक मोठमोठ्यांकडूनही होते, साहेब. मे २०१४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज, म्हणजे अख्खी विंडोज नव्याने बसवणारी फाइल, चुकून सगळ्याच विंडोज मशिनांना गेली. डिस्क पुसल्या गेल्या, आणि लक्षात येईपर्यंत इमेज पाठवणारा सर्व्हरसुद्धा फॉरमॅट झाला होता. पण काय घडलं ते त्यांनी जाहीरपणे लिहिलं. आपल्या परिपत्रकात मात्र "कर्मचाऱ्यांनी संगणक अयोग्य रीतीने हाताळल्यामुळे" असं छापून आलं. आमच्यावर एवढा विश्वास टाकलात, कसे उपकार फेडू?

त्या परिपत्रकाखाली मी सही केलेली नाही. करणारही नाही.

विनंती एकच. पुढच्या वेळी आधी पाच मशिनं घ्या, वेगवेगळ्या शाखांतली, त्यातलं एक तरी पासबुक प्रिंटर जोडलेलं. बॅकअप घ्या. आठवडाभर त्यांच्यावर काम होऊ द्या. मग उरलेली, दहा-दहा करून, शनिवारी रात्री. पहिलं मशीन माझ्या काउंटरचं घ्या. रात्रभर मी शाखेत थांबतो. किल्ली माझ्याकडेच असते.

आपला नम्र,
काउंटर क्रमांक ३