बापाचा रकाना

गावाकडं गेलो की माझा पहिला चहा आता गोठ्यात होतो. ओसरीवर भेटायला कुणी नसतंच. पुतण्या गोठ्यात, म्हणून वहिनी कपबशी घेऊन गोठ्यात, म्हणून मीही गोठ्यात. गाव माण तालुक्यातलं. पावसाचं आणि आमचं कधी फारसं जमलं नाही, गाईंचं जमतं. अठरा आहेत. मुक्त गोठा आहे, म्हणजे दावं नाही, त्यामुळे आलेला माणूस घरचा की परका हे त्या स्वतः हुंगून ठरवतात.

गेल्या खेपेला पुतण्या म्हणाला, "काका, चांदी माजावर आलीय. पहाटेच सोट दिसला. बघू आता तिला कोण जमतंय." आणि बघायला त्यानं मोबाइल काढला.

आमच्या लहानपणी गाय माजावर आली की आजोबा तिला सोडून खालच्या आळीला घेऊन जायचे. तिथं वळू होता. एकच होता, त्यामुळं कोण जमतंय असा प्रश्न कुणाला पडत नसे. आता प्रश्न आहे, आणि उत्तराला अ‍ॅप आहे.

चांदीच्या फोटोखाली तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर होता. बारा आकडी. माझा आधार नंबरही बारा आकडीच, पण तो मला पाठ नाही; चांदीचा पुतण्याला पाठ आहे. नंबरखाली तिचे दोष लिहिलेले. कास खाली उतरलेली. मागचे सड फार जवळजवळ. मागचे पाय काठीसारखे सरळ. चांदी समोरच उभी राहून मुरघास खात होती. मुलगी बघायला आलेल्यांनी हे सगळं परत जाताना गाडीत बोलायचं असतं, तोंडावर नाही, एवढी रीत आमच्याकडं अजून आहे. अ‍ॅपला ती कुणी शिकवलेली नाही.

रीत सोडली तर त्याचं शास्त्र सरळ आहे. गाईत जी खोट आहे ती ज्याच्या लेकींत नाही, असा वळू शोधायचा. सड जवळ असतील तर दूरदूर सडांच्या लेकींचा बाप. पाय सरळ असतील तर किंचित बाक असलेल्या पायांचा. वळूंची यादी उघडली तर प्रत्येकाच्या नावापुढं दूध, फॅट, कास, सड, खुरं यांचे अधिक-उणे आकडे. जन्मात ज्यानं थेंबभर दूध दिलं नाही त्याच्या नावावर दुधाचे एवढे आकडे बघून मला आमच्या ऑफिसातले एक साहेब आठवले. पण इथं निदान हिशोब खरा असतो. पूर्वी वळूच्या लेकी जन्मायच्या, वाढायच्या, व्यायच्या, त्यांच्या धारा काढून मापायच्या, आणि मग पाच-सहा वर्षांनी बापाला गुण मिळायचे. आता वासराच्या कानाचा एवढासा तुकडा घेऊन त्याच्या जनुकांवरून आधीच अंदाज बांधतात. अमेरिकेत २००९ पासून हे रीतसर सुरू आहे. आपल्या गाई-म्हशींसाठीच्या 'गौ चिप' आणि 'महिष चिप' ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते निघाल्या. म्हणजे वासरू अजून चिकावर आहे आणि त्याची दहावी-बारावीची मार्कलिस्ट तयार.

चांदीला अ‍ॅपनं तीन वळू सुचवले. दोन हिरवे, एक लाल.

"लाल का?"

"नात्यातला निघाला. चांदीचा आणि ह्याचा बाप एकच. आपण सव्वासहा टक्क्यांची मर्यादा लावलीय. त्याच्या वर गेलं की लाल."

सव्वासहा हा आकडा कुठून आला म्हणून विचारलं, तर त्यानं मला जमिनीवर वैरणीच्या काडीनं काढून दाखवलं. सख्ख्या चुलत, आते, मामे भावंडांना जे मूल होतं, त्याच्या कुठल्याही जनुकजोडीत एकाच पूर्वजाकडून आलेली तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे ६.२५ टक्के. सिवॉल राइट नावाच्या अमेरिकन माणसानं १९२२ साली हे गणित मांडलं आणि ते करताना शॉर्टहॉर्न गाईंच्या वंशावळी चाळल्या. त्यात कॉमेट नावाचा एक नामांकित वळू होता, १८०४ सालचा. त्याच्या बापानं आपल्या आईपासून लेक जन्माला घातली आणि त्या लेकीपासून हा कॉमेट. १८१० मध्ये तो हजार गिनींना विकला गेला. इतकं भानगडीचं घराणं आणि इतकी किंमत, दोन्ही एकाच जागी बघायला मिळणं कठीण.

मी काडीच्या रेघांकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "अरे, माझी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी."

पुतण्या गप्प झाला. त्याच्या लक्षात आलं होतं. मी आणि त्याचे बाबा, दोघंही बरोब्बर सव्वासहा टक्के. काठावर पास. एक अर्धा टक्का इकडं-तिकडं झाला असता तर अ‍ॅपनं आम्हाला लाल केलं असतं.

आणि यात आमच्या घरच्यांनी काही चोरून केलं नव्हतं. देवक बघितलं होतं, गोत्र बघितलं होतं. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून मामाची मुलगी चालते. काकाचं तेच, म्हणून काकाची चालत नाही. गणित मात्र दोघींनाही सोळात एकच धरतं. गोत्राचा हिशोब एकाच बाजूनं चालतो. आईकडची बाजू त्याला दिसतच नाही.

"इतकं काय वाईट असतं त्यात?" मी जरा स्वतःच्या वतीनं विचारलं.

मग त्यानं मला चीफची गोष्ट सांगितली. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ, होलस्टिन वळू, जन्म १९६२. कृत्रिम रेतनामुळं त्याला सोळा हजार लेकी झाल्या आणि पाच लाख नाती. दूध असं वाढलं की सगळ्यांना तोच हवा. पण त्याच्या एका जनुकात एक खोट होती. एका बाजूनं आली तर काही होत नाही. आई-बाप दोघांकडून आली तर गर्भ पोटातच जातो. नात्यात नाती मिसळत गेली आणि ही खोट जगभर दोन्हीकडून भेटू लागली. शास्त्रज्ञांनी २०१६ साली ती नेमकी कुठं आहे ते शोधलं आणि हिशोब मांडला, तो सुमारे पाच लाख गर्भपातांचा. तोपर्यंत गावोगाव लोक म्हणत राहिले असणार, "गाय उलटली. डॉक्टरचा हात बरोबर नाही."

डॉक्टर संध्याकाळी आले. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हा नियम अ‍ॅपच्या आधीपासूनचा. डॉक्टर म्हणजे पदवीनं डॉक्टर नव्हेत, पण गावात रेतन करणाऱ्याला तोच मान आहे. मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधलेली. आत उणे १९६ अंश. झाकण उघडलं की पांढरी वाफ येते आणि त्यात हात घालणारा माणूस पौराणिक सिनेमातल्यासारखा दिसतो. पुतण्यानं मोबाइल पुढं करून हिरव्यातला पहिला नंबर दाखवला. डॉक्टरांनी तो चष्म्यावरून बघितला.

"हा आज नाही माझ्याकडं."

"मग दुसरा?"

"तो संपला. हा घ्या, चांगलाय. परवा वाडीत ह्याच्याच कांड्या दिल्या."

वाडीतल्या गाईचे सड कसे होते हे कुणी विचारलं नाही. रेताची कांडी अर्धा मिनिट कोमट पाण्यात राहिली, आणि अधिक-उणे, सव्वासहा टक्के, लाल-हिरवं या सगळ्याचा निकाल पाव मिलिलिटरमध्ये लागला. चांदीनं शेपूट एकदा हलवलं. काम झाल्यावर पुतण्यानं रिकामी कांडी मागून घेतली, विजेरीच्या उजेडात डोळ्यांजवळ धरून तिच्यावरचा बारीक नंबर वाचला आणि अ‍ॅपमध्ये भरला. मग ती श्रीखंडाच्या डब्यात टाकली. डब्यात तशा शंभरेक असतील. गोठ्याच्या वंशावळ्या आहेत त्या.

"आता हा कोणत्या रंगात आला?" मी विचारलं.

"हिरवा. शून्य टक्के."

"छान की."

"छान काय काका. चांदीचा बाप माहितेय, पण तिच्या आईच्या बापाचा रकाना मोकळा आहे. आजीच्या बापाचाही. माहीत नसलं की हे नातं नाही असं धरतं."

म्हणजे अज्ञानाचा रंग हिरवा. हे मला फार आवडलं. तालुक्याच्या निम्म्या गाई त्या काळी मोजक्या वळूंच्या कांड्यांतून आलेल्या, पण नोंद नाही म्हणून सगळ्या एकमेकींना परक्या. माझ्या आईचं माहेर कुणी मोकळं सोडलं असतं तर मीही शून्यावर आलो असतो.

आमच्या आजीला गोठ्याचं सगळं घराणं पाठ होतं. चांदी गंगीची, गंगी हरणीची, हरणी बहात्तरच्या दुष्काळात वाचलेल्या त्या एका कालवडीची. ती कालवड खिलार. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली, संकरित गाईंचं वारं तिथून दूरवर पसरलं, आमच्याकडंही पोचलं, आणि खिलारीच्या पोटी आधी जर्सी, मग होलस्टिन आली. पण आजीच्या तोंडी सगळ्या आयाच. बाप कोण विचारलं तर म्हणायची, "खालच्या आळीचा," किंवा पुढच्या काळात, "डॉक्टरचा."

आणि आमच्या घराण्याचं बरोबर उलटं. दोन-चार वर्षांनी हेळवी यायचा, बैलावर बसून. अंगणात बैल थांबवून तो आमच्या पिढ्या म्हणायचा: अमक्याचा तमका, तमक्याचे तीन, त्यातल्या थोरल्याचे दोन. सुपानं धान्य घ्यायचा आणि जायचा. त्याच्या चोपडीत सगळे बापच. गोठ्यात बापाचा रकाना मोकळा आणि घरात आईचा, अशी दोन अर्धी दप्तरं एकाच अंगणात सुखानं नांदत होती. दोन्हीकडचं विचारायला हे अ‍ॅपच पहिलं आलं.

मला खुमखुमी आली. वाईच्या आत्याला फोन लावला. ती नव्वदीला टेकली आहे, पण डोकं लख्ख. म्हटलं, "आत्या, पहिली खिलार आपल्याकडं आली कुठून?"

"आरं, माझी आजी लग्न होऊन आली तवा आंदण आलेली. काजळी तिचं नाव. शिंगं अशी की दारातनं तिरकी न्यायला लागायची."

"आणि तुझ्या आजीचं नाव?"

"लक्ष्मी."

"ते सासरचं झालं. माहेरचं?"

फोनवर बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज ऐकू येत होता.

"ते कोण विचारतंय बाबा," आत्या म्हणाली. "नाव बदललं ते बदललं. काजळीचं नाही कुणी बदललं."

पुतण्यानं चांदीचं पान उघडून ठेवलं होतं. तीन पिढ्यांपलीकडं रकाने नाहीत. तळाला एक शेऱ्याची जागा होती.

"सांगा काका, काय लिहू?"

"लिही. मूळ गाय काजळी, खिलार, आंदण आलेली."

"कुणाबरोबर?"

"ते मोकळं सोड."